दीर्घिकांच्या मधातला गरम गॅस अन् एक्स-रे दुर्बिणी : पानठेल्यापासून ट्यूशनपर्यंत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, नोकरी काही लागली नाही, आता सकाळी वावर अन् संध्याकाळी ट्यूशन अशी आपली गाडी चालून राहिली. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव आहे. हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर पोट्ट्यांना तारे दाखवतो, तेव्हा मोठी माणसंही येऊन उभी राहतात, अन् मला एक्स-रे खगोलशास्त्राचं वेड आहे हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं. तेच तेच प्रश्न दर वर्षी येतात म्हणून एकदाचे लिहूनच काढले. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत.

भाऊ, आधी हे सांगा, दीर्घिका समूह म्हणजे काय अन् हा गॅस नेमका कुठं हाय?

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी. अशा शेकडो, कधी हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींना धरून बसल्या की त्याला समूह म्हणायचं. गावं अन् पांदण रस्ते डोळ्यासमोर आणा. समूह म्हणजे गाव, अन् एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी पांदण म्हणजे समूहांना जोडणारा तंतू. मी त्याला सरळ दोराच म्हणतो. गॅस दोन्हीकडे आहे, गावातही अन् पांदणीतही, पण गावातला दाट अन् लय गरम, पांदणीतला एकदम विरळ अन् त्यामानाने कमी गरम. या पांदणीनेच गॅस हळूहळू गावाकडे सरकत असतो. अन् गॅस म्हणजे सिलेंडरमधला नाही बरं, हायड्रोजन अन् हेलियम, त्यात चिमूटभर ऑक्सिजन, लोखंड वगैरे.

गरम म्हणजे किती? आमच्या इथल्या मे महिन्यासारखा?

आपल्याकडे पारा ४६-४७ वर गेला की माणूस पन्हं पिऊन घरात पडून राहतो. समूहातला गॅस १ कोटी ते १० कोटी अंशांचा असतो. सूर्याचा गाभा दीड कोटीचा, म्हणजे हा त्याच्याही पुढे जाऊ शकतो. पांदणीतला गॅस साधारण १ लाख ते १ कोटी अंशांच्या मधात.

मंग तिथं गेलो तं जळून खाक होईन ना?

नाही. उलट गारठून जाल. ट्रॉलीचं वेल्डिंग करताना ग्राइंडरच्या ठिणग्या हातावर उडतात, ठिणगी हजार अंशांच्या वर असते, तरी हाताला चुटकन लागून विझते, पण उकळत्या चहाचा एक कप सांडला तर फोड येतो. तापमान म्हणजे एकेक कण किती जोरात पळतो ते, अन् चटका बसतो तो असे कण किती आहेत त्यावर. समूहात लिटरभराच्या बाटलीत एखाद-दुसरा कण असतो, अगदी मधोमध असले तर दहा-वीस. पांदणीत तर छतावरची हजार लिटरची काळी टाकी घ्या, त्यात एक ते दहा, समूहाजवळ असली तर थोडे जास्त. रिकामी टाकीच म्हणा ना. पण ही टाकी कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबीची आहे (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष), म्हणून बेरीज केली की वजन भयंकर निघते.

एवढा तापला काहून पण? तिथं चूल थोडीच हाय.

विहिरीत दगड टाकला की धप्पकन आवाज येतो, पडण्याची ताकद कुठेतरी जाते ना, तसंच. समूहाचं गुरुत्वाकर्षण एवढं जबरदस्त की बाहेरून येणारा गॅस सेकंदाला हजार-हजार किलोमीटरने आत पडतो, आधीच्या गॅसवर आदळतो, अन् ती सगळी धाव उष्णता होऊन बसते. एकदा तापला की थंडही होत नाही लवकर, कारण एवढा विरळ गॅस उष्णता बाहेर टाकणार कशी. बाहेरच्या भागातल्या गॅसला थंड व्हायला विश्वाच्या वयापेक्षा, म्हणजे १३८० कोटी वर्षांपेक्षा, जास्त वेळ लागतो. मधोमध मात्र गॅस दाट आहे, तो लवकर थंड व्हायला पाहिजे, अन् तरी पाहिजे तेवढा होत नाही. ययाती (इंग्रजीत पर्सियस) तारकासमूहाच्या दिशेला एक दीर्घिका समूह आहे, त्याला मी ययाती समूह म्हणतो, त्यात मधल्या दीर्घिकेचं कृष्णविवर गॅसमध्ये मोठमोठे बुडबुडे फुगवत असतं, त्यानेच तो परत परत तापतो असं दिसते. सूर्य समजून घेताना मला कंटाळा यायचा, हे वाचलं तेव्हा झोप उडाली होती.

बुडबुडे म्हणजे आवाज येत असन?

हो, एका अर्थी. २००३ मध्ये नासाच्या चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीच्या फोटोत ययाती समूहाच्या गॅसमध्ये लाटा दिसल्या. त्यांचा स्वर पेटीच्या मधल्या 'सा'च्या आसपासच्या स्वरापासून ५७ सप्तकं खाली. एक लाट जाऊन दुसरी यायला सुमारे १ कोटी वर्षं लागतात, त्यामुळे ऐकायची घाई नको.

हे दिसते एक्स-रे मधेच काहून? साध्या दुर्बिणीनं नाही दिसत?

लोहाराच्या भात्यावर लोखंड पाहिलं असन. आधी लाल होते, मग पिवळं, मग पांढरं. जितकं जास्त गरम तितका प्रकाश जास्त ताकदीचा. कोटी अंशांवर गेलं की प्रकाश डोळ्याच्या पलीकडे जाऊन एक्स-रे होतो. गॅसमध्ये होते असं की इलेक्ट्रॉन जोरात पळत असतो, वाटेत प्रोटॉन आला की त्याच्या ओढीने वळतो, अन् वळताना थोडी ऊर्जा एक्स-रेच्या रूपात फेकतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामात येणार आहे.

म्हणजे दवाखान्यातल्यासारखा फोटो?

उलटा कारभार आहे. दवाखान्यात मशीन एक्स-रे सोडते, ते तुमच्यातून आरपार जातात, हाडाशी अडतात, अन् सावली उमटते. इथे दुर्बीण काहीच सोडत नाही. गॅस स्वतःच एक्स-रे सोडून राहिला, आपण फक्त ओंजळ धरून बसलो.

मंग दुर्बीण वर अवकाशात काहून पाठवाव लागते? डोंगरावर ठेवा ना.

आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन साधारण १० मीटर पाण्याएवढं भरते. म्हणजे बावीस हात पाणी असलेल्या विहिरीच्या तळाशी आपण बसलो आहे असं समजा. हे एक्स-रे दवाखान्यातल्यापेक्षाही कमी ताकदीचे असतात, त्यांना एवढी हवा ओलांडता येत नाही, वरच अडून जातात. आपल्यासाठी बरंच आहे ते. म्हणून आधी रॉकेट, मग उपग्रह. १९६२ मध्ये रिकार्दो जाकोनी अन् सोबत्यांनी काही मिनिटांच्या रॉकेट उड्डाणात वृश्चिकेतला पहिला एक्स-रे स्रोत पकडला, सूर्य सोडून. १९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्यावरून उहुरू नावाचा उपग्रह गेला, त्याने दाखवलं की दीर्घिका समूह एक्स-रेमध्ये चमकतात, अन् ठिपक्यासारखे नाही, पसरलेले. तिथून कळलं की मधात गॅस भरलेला आहे. जाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं.

आरसा तं एक्स-रे आरपार जाऊ देईन, मंग फोकस कसा होते?

हा प्रश्न दहावीच्या एका पोरीने विचारला होता अन् मी खूश झालो. समोरून आदळला तर एक्स-रे आरशात घुसतो. पण तळ्यात चपटा दगड आडवा फेकला की तो बुडत नाही, टप टप उड्या मारत जातो ना, तसा एक्स-रे आरशाला एकदम तिरपा, एखाद अंशाने घासून गेला तर परावर्तित होतो. म्हणून हे आरसे ताटासारखे नसतात, पिंपासारखे असतात, एकात एक बसवलेले. हान्स वोल्टर नावाच्या जर्मन माणसाने १९५२ मध्ये ही रचना सांगितली, तेव्हा तो सूक्ष्मदर्शकाचा विचार करत होता, तारे डोक्यातही नव्हते. चंद्रा दुर्बिणीत असे चार जोड आहेत, इरिडियम नावाच्या धातूचा थर दिलेले. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन उपग्रहात तीन दुर्बिणी अन् प्रत्येकीत ५८ पातळ पिंपं, सोन्याचा मुलामा दिलेली. सोनं म्हटलं की पानठेल्यावर सगळे माना वर करतात.

कोणकोणत्या दुर्बिणी हायेत सध्या?

चंद्रा २३ जुलै १९९९ ला गेली, नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. नजर सगळ्यात तीक्ष्ण. एक्सएमएम-न्यूटन त्याच वर्षी १० डिसेंबरला, युरोपची, नजर थोडी कमी पण ओंजळ मोठी, अन् विरळ गॅससाठी मला तीच जास्त कामाची वाटते. २०१९ मध्ये रशियाच्या उपग्रहावर जर्मनीची ई-रोसिटा गेली, तिने सगळं आकाश चार वेळा पूर्ण धुंडाळलं, पण युक्रेनचं युद्ध पेटलं अन् फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद करून ठेवली. चालू मोटर भांडणापायी बंद, असं झालं ते. जपानची हितोमी २०१६ मध्ये गेली, सव्वा महिन्यातच गरगर फिरून तुटली, पण जाण्याआधी ययाती समूहाचा गॅस सेकंदाला १६० किलोमीटरच्या आसपास घुसळतो हे मोजून गेली. तिच्या जागी २०२३ च्या सप्टेंबरात क्रिझम गेली. तिचा सेन्सर शून्याखाली २७३ अंशांजवळ थंड ठेवावा लागतो अन् तो एक्स-रेची ऊर्जा इतकी बारीक मोजतो की गॅस कुठल्या बाजूला सरकून राहिला ते कळते. पण त्याच्यासमोरचं झाकण उघडलंच नाही! कमी ताकदीचे एक्स-रे त्या झाकणातच अडतात. जास्त ताकदीचे येतात, त्यावर काम मस्त सुरू आहे, पण पांदणीतल्या गॅसचे एक्स-रे नेमके कमी ताकदीचेच असतात.

समूहातला गॅस १९७० च्या दशकापासून माहीत हाय म्हणता, मंग समूहांच्या मधातला सापडायला एवढे वर्षं काहून लागले?

आता मुद्द्यावर आलो. वर सांगितलं, इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जवळून गेला तरच एक्स-रे निघतो. बाजाराच्या दिवशी दुप्पट माणसं आली तर धक्के दुप्पट नाही, चौपट लागतात. गॅसचं तसंच, घनता शंभर पटीने कमी झाली की चमक दहा हजार पटीने कमी. पांदणीतला गॅस समूहातल्यापेक्षा शंभर पटीने विरळ, त्यात थंड, म्हणून एक्स-रे मंद, अन् त्या मंद एक्स-रेला आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन वाटेत खाऊन टाकतो.

अन् हे कमी की काय म्हणून समोर आपलाच उजेड. सूर्यमालेभोवती गरम गॅसचा एक फुगा आहे, तो एक्स-रे सोडतो. सूर्याकडून येणारे कण अन् पृथ्वीभोवतीचा हायड्रोजन यांची गाठ पडली की त्यातून एक्स-रे. दूरच्या हजारो कृष्णविवरांचे ठिपके वेगळेच. वरून सेन्सरवर आदळणारे भलते कण. हे सगळं वजा करावं लागते. जिनिंगच्या काट्यावर आधी भरलेली ट्रॉली मोजतात, मग रिकामी, अन् फरक तो आपला कापूस. आता समजा ट्रॉलीत फक्त मूठभर कापूस आहे. रिकाम्या ट्रॉलीचं वजन पावशेरनेही चुकलं तर कापूस आहे की नाही तेच सांगता येत नाही. काट्यावर एकदा माझंच वजन मारलं होतं, दहा किलोचा फरक पाडला होता, भांडूनही काही झालं नाही, तेव्हापासून रिकाम्या ट्रॉलीचा आकडा मी स्वतः डोळ्याने पाहतो. हे शास्त्रज्ञही तेच करतात, त्यांचा अर्धा जन्म रिकामी ट्रॉली मोजण्यात जातो.

पण एवढी धडपड कशापायी? थोडासा गॅस तं हाय.

थोडासा नाही, तोच तर घोळ होता. विश्वाच्या सुरुवातीच्या उजेडावरून हिशोब लागतो की साधं द्रव्य, ज्याचे आपण, दगड, तारे सगळे बनलो, ते एकूण मालाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असलं पाहिजे. मग आजच्या विश्वात तारे मोजले, दीर्घिका मोजल्या, समूहातला गॅस मोजला, थंड गॅस मोजला, तरी त्या साध्या द्रव्यातला तीसेक टक्के माल लागेचना.

क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये टाकला की साधारण ३३-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, अन् थोडी घट. समजा रुई अन् सरकी मिळून सत्तरच किलो भरली, तर आपण मालकाची गचांडी धरू. पण जिनिंगच्या शेडमध्ये दुपारी उभं राहा, पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली की दिसते, सगळ्या हवेत बारीक तूस तरंगून राहिलेलं, अंगावर, भुवयांवर, नाकात. तिरीप सरकली की शेड परत रिकामी. कॉम्प्युटरवर विश्व चालवून पाहणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की हरवलेला माल असाच तुसासारखा समूहांच्या मधातल्या दोऱ्यांत तरंगून राहिला असणार. तिरीप पाहिजे होती.

मंग सापडला का नाही शेवटी?

सापडला, पण थोडा थोडा, अन् वेगवेगळ्या वाटांनी. २००८ मध्ये एक्सएमएमने एबेल २२२ अन् एबेल २२३ (एबेल ही समूहांची एक यादी, आकडा म्हणजे तिच्यातला नंबर) या दोन समूहांच्या मधात गरम गॅसचा पूल पाहिला. २०१५ मध्ये एबेल २७४४ या समूहातून बाहेर जाणारे दोरे दिसले. ई-रोसिटाने २०२० मध्ये एबेल ३३९१ अन् ३३९५ जवळ ५ कोटी प्रकाशवर्षं लांबीचा गॅसचा दोरा दाखवला. अन् २०२५ मधलं काम मला सगळ्यात आवडलं. शॅपली नावाच्या महासमूहात, म्हणजे समूहांच्याही समूहात, चार समूहांना जोडणारा २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं लांबीचा दोरा, तापमान १ कोटी अंशांच्या वर, वजन आपल्या आकाशगंगेच्या दहा पट. यात जपानच्या सुझाकू दुर्बिणीने, जी २०१५ लाच बंद पडली, मंद उजेड मोठ्या भागात टिपलेला होता, अन् एक्सएमएमने त्यातले कृष्णविवरांचे ठिपके बोट ठेवून दाखवले म्हणून ते वजा करता आले. रिकामी ट्रॉली नीट मोजली, म्हणून कापूस सापडला.

दुसरी वाट म्हणजे तिरीपेची. मागे दूरचा क्वेझार, म्हणजे कृष्णविवरापायी भयंकर चमकणारं दीर्घिकेचं केंद्र, धरायचा अन् त्याच्या एक्स-रेमधून गॅसने काय खाल्लं ते पाहायचं. २०१८ मध्ये एक्सएमएमने एकाच क्वेझारकडे १८ दिवस डोळे लावून वाटेतल्या ऑक्सिजनची खूण शोधली. नंतर काही जणांनी शंका काढली की तो गॅस वाटेतला नसून क्वेझारच्या शेजारचाच असेल, अन् मला ती शंका फालतू वाटत नाही. तिसरी वाट एक्स-रेची नाहीच. रेडिओ लहरींचे अचानक येणारे स्फोट गॅसमधून येताना किती रेंगाळतात ते मोजून २०२० मध्ये एकूण हिशोब जुळवला. माल आहे हे त्याने पक्कं झालं. तो कुठे किती गरम बसला आहे ते मात्र एक्स-रेच सांगणार.

डार्क मॅटर म्हणते ते हेच का?

नाही हो, हे गडबड करू नका. हा गॅस साधाच माल आहे, फक्त दिसायला अवघड. डार्क मॅटर वेगळं, ते उजेड देतही नाही अन् अडवतही नाही. समूहाचं वजन १०० किलो धरलं तर ८०-८५ किलो डार्क मॅटर, १२-१५ किलो गरम गॅस, अन् दीर्घिकांमधले सगळे तारे मिळून उरलेले चार-दोन किलो. म्हणजे आपण फोटोत पाहून वाहवा करतो ते तारे म्हणजे पोत्यातली मूठभर धूळ. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने अरुंधतीकेश तारकासमूहाच्या दिशेच्या दीर्घिका समूहात दीर्घिका एवढ्या जोरात पळताना पाहिल्या की दिसणाऱ्या वजनाने त्या धरून ठेवता येणार नाहीत हे त्याला कळलं. गॅसचं तापमानही तेच सांगते. एवढा गरम गॅस उडून जात नाही म्हणजे वर झाकण जड आहे.

त्या गॅसमधे लोखंड कुठून आलं?

ताऱ्यांचे स्फोट. १९७० च्या दशकात लोखंडाची खूण एक्स-रेमध्ये सापडली. सूर्यात जेवढं प्रमाण आहे त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे हा गॅस नुसता बाहेरून पडलेला नाही, त्यात दीर्घिकांनी ओकलेला मालही मिसळला.

फोटोतला निळा-जांभळा रंग खरा असते का?

नाही. एक्स-रेला रंग कुठला, नंतर भरतात. रांगोळीच समजा.

मले घरी बसून हा डेटा पाहता येईन का?

येईन. चंद्रा अन् एक्सएमएमचा डेटा ज्याने मागितला त्याच्याकडे काही काळ राहतो, नंतर सगळ्यांना फुकट. पाहायचं सॉफ्टवेअर, डीएस-नाईन, तेही फुकट. मी पहिल्यांदा ययाती समूहाची फाईल उतरवली तेव्हा गावात रेंज फक्त छतावर, तीही टाकीच्या बाजूला. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप खाटेवर ठेवला, ऐंशी टक्क्यावर लाईट गेली, बॅटरी आधीच मेलेली, सगळं परत पहिल्यापासून. तिसऱ्या रात्री उतरली. उघडली तर आधी फोटो नाहीच, नुसत्या ओळी. एक ओळ म्हणजे एक फोटॉन, एक्स-रेचा एक कण, कुठे पडला, किती वाजता पडला, ऊर्जा किती. २४ कोटी वर्षं चालून आलेला अन् इथे एका ओळीत येऊन बसलेला. मग चित्र केलं तर काळ्या पडद्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके, मला वाटलं फसलो. मग स्मूथ करायचं बटण दाबलं, अन् ठिपके एकमेकांत मिसळून मधोमध एक उजळ गोळा अन् त्यात दोन काळी भोकं उभी राहिली. कृष्णविवराचे बुडबुडे. आई खालून ओरडत होती, जेवून घे म्हणून.

आपल्या भारताचं काही हाय का यात?

आहे. ॲस्ट्रोसॅट हा इस्रोचा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यातली कमी ताकदीच्या एक्स-रेची दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवली. चमकदार समूहांसाठी ती ठीक, दोऱ्यांसाठी ओंजळ लहान पडते. २०२४ च्या १ जानेवारीला एक्सपोसॅट गेला, पण त्याचं काम वेगळं. पुण्याच्या आयुका अन् आयसर या संशोधन संस्थांमधल्या लोकांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर एक महासमूह शोधला, ४३ समूहांचा, नाव ठेवलं सरस्वती. अन् जुन्नरजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५-४५ मीटरच्या तीस डिश आहेत, त्या रेडिओत समूह पाहतात. एकदा सहल नेली होती, पोट्ट्यांना डिशपेक्षा तिथली द्राक्षं जास्त आठवतात.

याचा शेतकऱ्याले फायदा काय?

सोयाबीनचा भाव वाढणार नाही. मला आवडते म्हणून करतो.

आपल्या गावातून ते जागे दाखवता येतीन का?

येतीन, अन् दोन तर एकाच रात्री. मे महिन्याच्या मधात रात्री साडेनऊ-दहाला छतावर अंथरूण टाकलं की पाठीवर झोपा. स्वाती हा नारिंगी तारा अन् सिंहेची शेपूट म्हणजे उत्तरा फाल्गुनी, या दोघांच्या साधारण मधात, जवळजवळ डोक्यावरच, अरुंधतीकेशातला समूह आहे, ३२ कोटी प्रकाशवर्षांवर. आता मान खाली आणत दक्षिणेकडे या, चित्रा दिसेल, पांढरी निळसर. हात सरळ लांब करा, चित्रेच्या सरळ खाली दोन मुठी मोजा. नरतुरंगातली ती काळी जागा, तिथेच कुठेतरी शॅपलीचा तो दोरा. डोळ्याला काहीच दिसणार नाही. खालच्या गल्लीतला हायमास्ट बंद असला तर आजूबाजूचे तारे तरी चांगले दिसतात, म्हणून लाईट गेल्यावर मला हाक मारा.